दुकानाचा लोगो बदलायचाय, पण जुनं गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नाही

आखाजी (अक्षय तृतीया) नाहीतर दिवाळी जवळ आली की आपल्या खान्देशात दोन कामं हमखास निघतात, दुकानाला रंग मारायचा आणि बोर्ड बदलायचा. आणि बोर्ड बदलायचाच आहे तर लोगोही नवा करून टाकू, कार्ड नवं, पिशवी नवी, असं करत करत संध्याकाळी फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरसमोर चार जण खुर्च्या टाकून बसतात आणि "ते नाव जरा मोठं कर ना भो, अन् इकडे एक केळीचं पान टाक" सुरू होतं. रात्री दहापर्यंत लोगो तयार. सहा महिन्यांनी बोर्डवर एक लोगो, पाकिटावर दुसरा, आणि बिलावर अजून तो जुनाच.

उदाहरणाला एक धंदा धरू म्हणजे बोलायला सोपं जाईल. अमळनेरकडचा घरगुती मसाला, वडिलांनी सुरू केलेला, लाल पाकीट, पिवळ्या अक्षरात नाव, मिरचीचा फोटो, वर देवाचं चित्र. माल अमळनेर, चोपडा, धुळे इथं जातो आणि सुरतेला उधना-लिंबायतमध्ये आपली माणसं भरपूर आहेत तिथंही जातो. आता पोरगं पुण्याहून शिकून आलंय आणि म्हणतंय लोगो जुनाट दिसतो.

जुनाट दिसतो हे कारण नाही. लोगो बदलायची खरी कारणं मोजकीच असतात, म्हणजे नाव लांबून किंवा मोबाईलवर वाचताच येत नाही, मूळ फाईल कुणाकडेच नाही आणि प्रत्येक प्रिंटवाला फोटोवरून नवीन बनवतो, आधी फक्त मसाला होता आता पापड-कुरडया-वेफर्सही आलेत, किंवा दुसऱ्याच्या नावाशी, चिन्हाशी गल्लत होते. आणि आपल्याकडचं एक खास कारण, भावाभावांची वाटणी, दोघंही तेच नाव वापरतात आणि दोन पाकिटं एकाच दुकानात शेजारी लटकतात. हे शेवटचं असेल तर डिझायनरकडे जाऊच नका, आधी वकिलाकडे जा, नाव कुणाचं हे ठरल्याशिवाय केलेला खर्च पाण्यात. कारण काय ते एका ओळीत कागदावर लिहा, पुढं वाद झाले की (होतातच) तो कागद काढायचा.

आता खरं काम. घरातलं, दुकानातलं, गोडाऊनमधलं, जिथं जिथं तुमचं नाव छापलंय ते सगळं गोळा करा, पाकिटं, कॅरीबॅग, बिलबुक, रबरी शिक्का, कॅलेंडर, लेटरहेड, कामगारांचे टी-शर्ट, बोर्डचा फोटो, टेम्पोच्या मागच्या बाजूचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी, गुगल मॅपवरचा फोटो, यात्रेत लावलेलं बॅनर. सगळं ओट्यावर मांडा आणि फक्त बघा. लाल रंगाच्याच चार छटा निघतील, नावाचं अक्षर तीन प्रकारचं निघेल, कुठं 'मसाले' कुठं 'मसाला उद्योग' कुठं 'गृहउद्योग'. बऱ्याच जणांना इथंच कळतं की लोगो वाईट नव्हता, तो कुठंच सारखा वापरला नव्हता. तसं असेल तर नवा लोगो करायची गरजच नाही, आहे तोच नीट साफ करून घ्या आणि सगळीकडे एकच लावा, निम्म्याहून कमी पैशात काम होतं.

पण बदलायचंच ठरलं तर त्याआधी गिऱ्हाईक तुम्हाला कशावरून ओळखतं ते शोधायला लागतं, आणि हे घरात बसून कळत नाही. दोन-चार किराणा दुकानदारांना विचारा की लोक माल मागताना काय म्हणतात. नाव क्वचितच घेतात हो. "तो लाल पुडा द्या", "देवाच्या चित्राचा द्या", "त्या अमळनेरवाल्याचा द्या" असं म्हणतात. मग पाकिटावरचं नाव हातानं झाकून पाचपंचवीस लोकांना विचारा हे कुणाचं. त्यातल्याच काहींना कागद देऊन म्हणा, आमचा लोगो आठवेल तसा काढा. चित्र भारी येणार नाही पण बघा काय येतंय, सगळ्यांनी लाल चौकोन आणि पिवळं नाव काढलं आणि मिरची कुणीच काढली नाही तर मिरची गेली तरी चालेल, लाल-पिवळा गेला तर मेलात. सुरतेच्या गिऱ्हाइकालाही विचारा, कारण तिकडची बरीच पोरं गुजराती शाळेत शिकलेली असतात, मराठी नाव अडखळत वाचतात आणि रंगावरच जास्त चालतात.

हे मी उगाच ताणत नाहीये. अमेरिकेत ट्रॉपिकाना नावाचा संत्र्याच्या ज्यूसचा मोठा ब्रँड आहे, त्यांनी २००९ च्या जानेवारीत खोकं बदललं, स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढून ग्लासातला ज्यूस दाखवला, नावाचं अक्षर उभं करून बारीक केलं. दिसायला मॉडर्न होतं. पण लोकांना कपाटात आपला ज्यूस सापडेना, विक्री जवळपास २० टक्के पडल्याच्या बातम्या आल्या आणि दोन महिन्यांच्या आत जुनं खोकं परत आणलं. गॅप या कपड्यांच्या कंपनीनं २०१० मध्ये नवा लोगो आणला आणि आठवड्याभरात मागं घेतला. उलटं उदाहरण घरचंच आहे, स्टेट बँकेचं ते निळं गोल चिन्ह, एनआयडी या अहमदाबादच्या डिझाईन संस्थेतल्या शेखर कामत यांनी केलेलं, १९७१ पासून आहे. २०१७ ला सहयोगी बँका विलीन झाल्या तेव्हा पाट्या बदलल्या, पार्श्वभूमी बदलली, अक्षर बदललं, चिन्ह मात्र ठेवलं. आपण पण तेच करायचं, कमीत कमी दोन गोष्टी जुन्यातल्या ठेवायच्या. आपल्या मसाल्यात समजा लाल रंग आणि नावाच्या अक्षराची ढब ठेवली, बाकी सगळं मोकळं.

मग डिझायनर. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये द्या, धुळ्यात आग्रा रोडला द्या, पुण्याला द्या, भाचीला द्या, माझं काही म्हणणं नाही, फक्त "काहीतरी हटके करा" असं सांगून येऊ नका. एक पान लिहून न्या. काय विकतो, कुणाला, कुठं, जुन्यातलं काय ठेवायचं, लोगो कुठंकुठं छापला जाणार, शेजारी कपाटात कुणाचे माल असतात आणि ते कोणत्या रंगाचे आहेत, आणि घरातून शेवटचा होकार कोण देणार. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, काका-आत्या-मेहुणे सगळ्यांची मतं घ्या पण हो म्हणणारा एकच ठेवा. तयार टेम्प्लेटवर घरीच करणारे पण खूप आहेत, करा, पण कॅनव्हावरचं तयार चित्र घेतलं तर ते हजार जणांनी घेतलेलं असतं, त्या चित्रावर तुम्हाला ट्रेडमार्कचा हक्क सांगता येत नाही. एआयकडून काढून घेणाऱ्यांनी जोडाक्षरं आणि मात्रा नीट तपासा, तिथं फार घोळ होतात.

आणि केळीचं पान, मिरची, भरिताचं वांगं, सूर्य, बैल, जातं यापैकी काहीही टाकण्याआधी जळगावच्या फुले मार्केटमध्ये एक चक्कर मारा, कितींनी तेच टाकलंय बघा आणि मग ठरवा. माझ्या मते मसाल्याच्या लोगोत मिरची असण्याची गरजच नाही, आत काय आहे ते पाकिटावरच लिहिलेलं असतं.

अक्षरांवर मात्र वेळ घालवा. आपल्या धंद्यांना वेगळ्या चिन्हापेक्षा नीट काढलेलं देवनागरी नावच जास्त कामाला येतं. तुमचा जुना बोर्ड पेंटरनं हातानं रंगवलेला असेल तर नशीबवान आहात, त्या अक्षरात जी मजा असते ती कुठल्या फॉन्टमध्ये नसते. बोर्डच्या बरोबर समोर उभं राहून फोटो काढा, तिरका नको, आणि डिझायनरला त्यावरून अक्षर व्हेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेघांत) काढायला सांगा. नसेल तर चांगले फॉन्ट फुकट मिळतात, मुंबईच्या 'एक टाईप' या संस्थेचे मुक्ता आणि बालू, इंडियन टाईप फाउंड्रीचा हिंद, रेल्वेच्या हाती रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला यात्रा वन, हे सगळे गुगल फॉन्ट्सवर आहेत आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे. मंगल हा फॉन्ट बोर्डवर लावू नका. र. कृ. जोशींसारख्या मोठ्या माणसानं केलाय तो पण कॉम्प्युटरच्या स्क्रीनसाठी केलाय, बोर्डवर तो सरकारी परिपत्रकासारखा दिसतो. फॉन्ट निवडला तरी तो जसाच्या तसा टाईप करून लोगो म्हणू नका, एखाद-दुसरं अक्षर, एखादी वेलांटी, शिरोरेघेचा शेवट आपल्यासाठी बदलून घ्या. आणि अक्षर आडवं-उभं ताणायचं नाही, कधीच नाही, जागेत बसत नसेल तर लहान करा.

ल आणि श हे मराठी वळणाचे आहेत का बघा, बरेच फॉन्ट आपोआप हिंदी वळणाचे देतात. वरच्या मात्रा, अनुस्वार, रफार आणि खालचे उकार लहान आकारात चिकटून एक ठिपका होतात, ते आधीच थोडे मोकळे करून घ्यायचे. अजून एक भानगड, आपल्याकडचे बहुतेक डीटीपीवाले कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाईप करतात, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की नावाचा पार भुगा होतो. म्हणून अंतिम फाईल कर्व्ह करूनच (म्हणजे अक्षरांचं चित्र करून) घ्या, आणि नाव, पत्ता, टॅगलाईन युनिकोडमध्ये वेगळं लिहून ठेवा म्हणजे वेबसाईटला, व्हॉट्सअ‍ॅपला तेच कॉपी करता येईल.

रंगाचं आपल्याकडे वेगळं आहे कारण ऊन. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि फ्लेक्सच्या शाईत उन्हानं आधी पिवळा आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) उडतो, निळा आणि काळा जास्त टिकतो. लाल म्हणजे मॅजेंटा अधिक पिवळा. म्हणजे दक्षिणेला किंवा पश्चिमेला तोंड असलेला लाल फ्लेक्स काही काळात फिका गुलाबी होणार, मग तुमचा रंग लाल राहिला कुठं. लाल सोडा असं म्हणत नाही, पण मग बोर्डला फ्लेक्स नको, एसीपीवर (अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलवर) अ‍ॅक्रिलिकची उठावाची अक्षरं घ्या किंवा चांगल्या व्हायनलवर यूव्ही लॅमिनेशन घ्या, नाहीतर सरळ पेंटरकडून ऑइलपेंटनं रंगवून घ्या.

रंगाचे आकडे लिहून ठेवायचे. मोबाईलवरचा लाल आणि छापलेला लाल सारखा येत नाही, स्क्रीन आरजीबीत (लाल, हिरवा, निळा) चालते आणि छपाई सीएमवायकेत (निळा, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार शायांत), त्यामुळे दोन्हीचे आकडे पाहिजेत. प्रिंटवाल्याला "जरा गडद लाल" न सांगता "मॅजेंटा १००, यलो १००, काळा १०" असं सांगितलं की तो पण खूश. हिरवा आणि भगवा स्क्रीनवर जितका झळकतो तितका कागदावर येतच नाही, आणि सोनेरी तर चार रंगात छापताच येत नाही, मातकट पिवळा येतो, खरा सोनेरी हवा तर वेगळी शाई नाहीतर फॉइल, सराफा दुकानवाल्यांनी हे आधीच हिशोबात धरावं. पाऊचची छपाई ग्रॅव्ह्युअरवर होत असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलेंडर लागतो आणि त्याचे पैसे वेगळे, म्हणून दोन-तीन रंगात भागणारं डिझाईन खिशाला बरं पडतं.

लोगोचे कच्चे नमुने आले की ते लॅपटॉपवर मोठे करून बघू नका, तिथं सगळेच छान दिसतात. जिथं वापरायचाय तिथं टाकून बघा. आधी नुसत्या काळ्या रंगात काढा आणि झेरॉक्सची झेरॉक्स मारा. मग बिलाच्या प्रिंटरवर, तो छोटा ५८ मिलिमीटरचा थर्मल प्रिंटर असतो ना, त्याची छपाईची रुंदी ३८४ ठिपक्यांची असते आणि रंग फक्त काळा, तिथं सावल्या, छटा, बारीक रेघा सगळं गायब. मग डीपीत लावा, तिथं गोल कापला जातो, लांबलचक नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर उडतं, म्हणून आडवा लोगो वेगळा आणि गोलात बसणारं छोटं चिन्ह किंवा एकच अक्षर वेगळं करून घ्यावं लागतं. मग रबरी शिक्का, मग टी-शर्टची एम्ब्रॉयडरी. शेवटी प्रिंट काढून रस्त्याच्या पलीकडे चिकटवा आणि मोटरसायकलवरून जाताना वाचता येतंय का बघा. बोर्डवाल्यांचा ढोबळ हिशोब असा की दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर, म्हणजे शंभर फुटांवरून वाचायचं तर दहा इंच. हायवेवरच्या ढाब्याला तर याच्यापेक्षा मोठंच पाहिजे कारण समोरचा गाडी चालवतोय, त्याला ब्रेक मारायला पण वेळ लागतो. या सगळ्यातून जो नमुना वाचतो तोच घ्या, मग तो तुम्हाला तिसऱ्या नंबरला आवडलेला का असेना.

डिझायनरकडून काय काय घ्यायचं ते पैसे देण्याआधी ठरवा. मूळ उघडी फाईल (कोरलड्रॉची सीडीआर किंवा इलस्ट्रेटरची एआय), पीडीएफ, एसव्हीजी, मागची बाजू पारदर्शक असलेली पीएनजी, आणि प्रत्येक लोगो रंगीत, पूर्ण काळा, पूर्ण पांढरा असा तीन प्रकारात. "जेपीजी पाठवली ना व्हॉट्सअ‍ॅपवर" हे उत्तर चालणार नाही. फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून घ्या, फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते. शिवाय एक लेखी कागद घ्या की लोगोचे कॉपीराईटचे सगळे हक्क तुम्हाला दिले, कायमचे आणि सगळीकडे वापरायला. कायमचे हा शब्द मुद्दाम लिहून घ्या, कारण कॉपीराईट कायद्यात अशा करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. ओळखीतला आहे, कशाला लिहायचं, असं म्हणू नका, ओळखीतल्याचेच वाद जास्त चिघळतात.

ट्रेडमार्कचं थोडक्यात. नवा लोगो पक्का करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाईटवर तसं नाव कुणाचं आहे का ते फुकट शोधता येतं. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत, मसाला ३० मध्ये, केळीचे वेफर्स २९ मध्ये, दागिने १४ मध्ये, हॉटेल ४३ मध्ये. एका माणसाच्या किंवा लघुउद्योगाच्या नावानं ऑनलाईन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये फी आहे, वकिलाचे वेगळे, आणि नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते. नुसतं 'खान्देशी मसाला' अशा नावावर एकट्याचा हक्क मिळणं अवघड, ते सगळ्यांचंच आहे. अर्ज केला नसेल तरी टीएम लिहिता येतं, गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावला तर गुन्हा आहे. जुना लोगो नोंदवलेला असेल आणि नवा बराच वेगळा असेल तर नवा अर्ज करायला लागतो, आणि जुना लगेच सोडून देऊ नका. केळीवाल्यांसाठी अजून एक, जळगावच्या केळीला आणि भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय (त्या भागाच्या खास मालाचं सरकारी मानांकन) मिळालाय, पण म्हणून ते चिन्ह कुणीही पाकिटावर छापायचं नसतं, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करायला लागते.

दुकानाच्या पाटीचा नियमही डिझायनरला आधीच सांगा नाहीतर तो मोठ्ठं इंग्रजी नाव काढून खाली बारीक मराठी टाकतो. दुकान कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी लागते, मराठी आधी पाहिजे आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. तसंच खाण्याच्या मालाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) चौदा आकडी नंबर, शाकाहारीचा हिरवा ठिपका, वजन, एमआरपी, तारखा यांची जागा सुरुवातीलाच सोडून ठेवा. लोगो एवढा मोठा केला की हे सगळं कोपऱ्यात कोंबलं, असं लई पाहायला मिळतं.

आता ज्याच्यात सगळे ढिले पडतात ते, म्हणजे लोगो झाल्यानंतरची शिस्त. मोठ्या कंपन्यांचं दोनशे पानी पुस्तक असतं, तुम्हाला एक पान बास. त्यावर लोगोचे तीन प्रकार, कुठं कुठला वापरायचा, त्याच्याभोवती किती जागा मोकळी (लोगोतल्या एका अक्षराच्या रुंदीएवढी धरा), रंगांचे आकडे, दोन फॉन्ट, नाव नेमकं कसं लिहायचं, आणि काय करायचं नाही. काय करायचं नाही मध्ये लोगोला सावली, चकाकी, इंद्रधनुष्य, फोटोवर थेट लोगो, आणि वाढदिवसाच्या बॅनरवर नेत्याच्या फोटोशेजारी लोगोचा रंग बदलून लावणं. हे पान लॅमिनेट करून गल्ल्याजवळ लावा आणि फाईलीसकट एका ड्राईव्ह फोल्डरमध्ये टाका. फ्लेक्सवाला, कॅलेंडरवाला, पिशवीवाला, यात्रेचा मंडपवाला, कुणीही लोगो मागितला की त्या फोल्डरची लिंक द्यायची, जुन्या कॅरीबॅगचा फोटो काढून पाठवायचा नाही. छापायला जाण्याआधी प्रत्येक नमुना एकाच माणसाच्या नजरेखालून गेला पाहिजे. ताई हिशोब बघत असतील तर त्यांनाच नेमा, घरात सगळ्यात काटेकोर त्याच असतात.

बदल कसा आणायचा ते पण ठरवून करा. जुनी पाकिटं किती उरलीत ते आधी मोजा, हजारोंनी पडली असतील तर ती संपेपर्यंत नवी छापू नका. फुकटात बदलतं ते, डीपी, गुगल मॅप, फेसबुक, इन्स्टा, हे एकाच दिवशी बदला. नव्या पाकिटावर पहिले चार-सहा महिने समोरच एक पट्टी ठेवा, 'मसाला तोच, पाकीट नवं', आणि जुन्या पाकिटाचा छोटा फोटो. दुकानदारांना माल टाकतानाच सांगून ठेवा, कारण गिऱ्हाईक पाकीट उलटंपालटं करून त्यांनाच विचारणार, "हाऊ दुसरा मसाला शे का भो?" (हा दुसरा मसाला आहे का भाऊ), आणि तेव्हा दुकानदारानं "काय माहीत" म्हटलं की ते गिऱ्हाईक शेजारचं पाकीट उचलतं. सुरतेला नवा माल पाठवताना पहिल्या खेपेला घरातलं कुणीतरी सोबत जा, तिकडच्या दुकानदाराशी समोरासमोर बोलून या. चवीत किंवा वजनात त्याच वेळी काहीही बदल करू नका, भाव पण तेव्हाच वाढवू नका, नाहीतर लोक म्हणतील पाकिटाचे पैसे काढतायत. बिलबुक आणि शिक्का त्यानंतर, आणि मोठा बोर्ड नवं पाकीट बाजारात रुळल्यावर, शक्यतो पावसाळा संपल्यावर. टेम्पोचं पत्र्याचं काम निघेल तेव्हाच टेम्पो रंगवा, तोवर जुन्या नावाखाली फोन नंबर तेवढा बरोबर आहे का बघा.